आपल्या नावाचे पान

निवृत्तीनंतर संगणक शिकणे म्हणजे वीजबिल भरणे आणि नातवंडांशी व्हिडिओवरून बोलणे, एवढाच अर्थ बहुतेकांनी गृहीत धरलेला असतो. स्वतःचे संकेतस्थळ उभारण्याचा विचार बोलून दाखवावा, तर “कुणाकडून तरी करून घ्या की!” हे उत्तर ठरलेले. मला ते करून घ्यायचे नव्हते. वडिलांच्या धान्याच्या दुकानाची रोजकीर्द मोडी लिपीत आहे आणि मोडी वाचू शकणारा आमच्या घरात आता मी एकटाच उरलो आहे. ज्वारी कोणत्या भावाने गेली, कोणाच्या लग्नाला किती उधार दिले आणि त्यांतले कोणते पुढे कधीच मागितले नाही, हे सारे त्या वहीत आहे. ते बालबोधीत उतरवून कुटुंबासाठी ठेवावे, एवढाच हेतू.

सुज्ञ वाचकांस आश्चर्य वाटेल, पण हे तंत्र आमच्या नोकरीच्या काळातलेच. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभारलेले पहिले संकेतस्थळ ऑगस्ट १९९१ मध्ये जगासाठी खुले झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य वापरण्यास दिले. त्यामुळेच आज साधे नोटपॅड उघडून कोणीही पान लिहू शकतो.

या लेखनपद्धतीस एचटीएमएल म्हणतात. मजकुराआधी एक खूण, मजकुरानंतर तिरपी रेघ असलेली तीच खूण. नावे-जमेची जोडीच म्हणा ना! फरक इतकाच, की एखादी बंद करणारी खूण राहिली तरी ब्राउझर तक्रार न करता अंदाजाने पान मांडून मोकळा होतो. तेरीज एका पैशाने चुकली तर रात्री दहापर्यंत शाखेत बसणाऱ्या माणसाला ही उदारता जराशी संशयास्पदच वाटते.

मराठीपुरते एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होऊन उतरतो. लेखन युनिकोडमध्येच करावे आणि पानाच्या आरंभी यूटीएफ-८ ही नोंद द्यावी. मोडी लिपीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळते, भाडेपट्ट्यासारखे. मुदत संपून सवलतीचा काळही उलटला, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. म्हणून नोंदणी कोणाच्या नावे आहे हे प्रथम पाहावे. संकेतस्थळ करून देणारा सद्भावनेनेही स्वतःच्या नावावर नोंदणी करून ठेवतो आणि पुढे तो व्यवसाय सोडून गेला की मालकाला स्वतःच्या घराची किल्ली मिळत नाही. येथे बँकेच्या खात्यासारखा नामनिर्देशनाचा रकानाही सहसा नसतो. मी नूतनीकरणाची तारीख आणि खात्याची माहिती एका पाकिटात घालून ते मुलीच्या स्वाधीन केले आहे.

कोड शिकायला मला तीन महिने लागले. काय प्रसिद्ध करावे हे ठरवायला त्याहून अधिक. वंशावळीतील हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि पत्ते मी गाळले. बँकेत ओळख पटवताना हेच प्रश्न विचारले जातात, तेव्हा त्यांची उत्तरे चव्हाट्यावर मांडण्यात शहाणपण नाही. उधारीच्या नावांचा प्रश्न याहून नाजूक होता. ऋणको आणि धनको दोघेही आता नाहीत, परंतु त्यांची नातवंडे त्याच गावात नांदतात. वडिलांनी आयुष्यभर ज्याचा उच्चार केला नाही, ते त्यांच्या मुलाने जगापुढे मांडावे हे मला पटेना. धाकट्या भावाचे म्हणणे वेगळे होते : “दादा, नावे गाळली तर वहीत उरले काय?” त्याचेही खोटे नव्हते.

अखेरीस रकमा, तिथी आणि कारणे ठेवली. नावांच्या जागी केवळ गावाचा उल्लेख केला. मूळ वही कपाटात आहेच. ज्यांची ओळख होती अशा चार घरांना मात्र आधी विचारले. तिघांनी नकार दिला. चौथ्या घरातील आजींनी नोंद दोनदा वाचून घेतली आणि आपल्या सासऱ्यांचे पूर्ण नाव लिहा, असे सांगितले. ते तसे लिहिले आहे.