हात हलतो, पण त्याला कळते का?

पक्षाघातानंतर रुग्णाचा हात पुन्हा उचलला जाऊ लागला की घरच्यांना हायसे वाटते. माझ्या एका वृद्ध रुग्णाच्या बाबतीत मलाही तसेच वाटले होते. आठवड्याने आजींनी त्यांचा उजवा तळहात पुढे केला. कढत चहाचा स्टीलचा पेला धरून फोड आला होता आणि आजोबांना त्याचा पत्ताच नव्हता. मी हाताची ताकद पाहिली होती. स्पर्श तपासायचा राहून गेला होता.

मेंदूत हालचालीचे आणि संवेदनेचे मार्ग वेगळे असतात. त्यामुळे ताकद परतली तरी संवेदना हरपलेली असू शकते. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट रुग्णाला डोळे मिटायला सांगून ती तपासतात. कापसाचा हलका स्पर्श, टोकदार आणि बोथट यांतला फरक, गार-गरम पाण्याच्या नळ्या या गोष्टी आधी चांगल्या बाजूला व मग बाधित बाजूला लावून पाहतात. बोट वर नेले की खाली, हे विचारतात. हातात किल्ली किंवा नाणे ठेवून ते ओळखायला सांगतात.

उपचार म्हणजे मेंदूला दिलेली नवी शिकवणी. खरखरीत टॉवेल, मऊ सुती कापड, चमचा, बटण या वस्तू प्रथम पाहून व नंतर डोळे मिटून ओळखायच्या. तांदळाच्या डब्यात लपवलेले नाणे बोटांनी शोधायचे. हा सराव रोज थोडा वेळ, शांतपणे करावा आणि रुग्ण थकण्यापूर्वी थांबवावा. सुधारणा संथ असते व प्रत्येकात सारखी नसते, हे मनाशी धरून चालावे.

तोवर त्वचेचे काम डोळ्यांनी करावे. अंघोळीचे पाणी चांगल्या हाताने पाहावे. बाधित अंगाला शेकण्याची पिशवी लावू नये. अनवाणी चालू नये. कूस बदलताना हात अंगाखाली अडकलेला नाही ना, हे पाहावे. झोपण्यापूर्वी तळहात, तळपाय आणि टाचा न्याहाळाव्यात. मधुमेह असल्यास तर अवश्यच. मात्र बधिरपणा अचानक नव्याने आला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर घरी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आजोबांचा फोड भरून आला. आता पेला उचलण्याआधी ते डाव्या हाताने तो चाचपून पाहतात. मीही आता पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाला डोळे मिटायला सांगतो.