साउंड कार्ड राहू द्या, आधी अर्थिंग करा!

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. कुणाला लागलंच तर ह.घ्या.

"गेमिंगसाठी भारी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे साउंड कार्ड वेगळं टाकावंच लागतं." हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीन जणांच्या तोंडून ऐकलं. एक इथला अहमदपूरचा, एक लातूरचा आणि तिसरे आमचे पुण्याचे दाजी. तिघांनाही मी एकच प्रश्न विचारला, "का?" तिघांचं उत्तरही एकच: मशीन भारी आहे, मग आवाज भारी नको का? आता याला काय म्हणावं! हे म्हणजे घर तीन मजली बांधलंय म्हणून आडही तीन मजली खणा म्हणण्यासारखं झालं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही त्यांचा वेळ वाचेल. आजच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये आत बसवायचं साउंड कार्ड घेणं, हा बहुतेकांसाठी निव्वळ पैशाचा चुराडा आहे. नुसता चुराडा असता तरी मी गप्प बसलो असतो, हौसेला मोल नसतं. पण त्या पैशात ज्या गोष्टी व्हायला हव्यात त्या राहून जातात, माझा राग त्याच्यावर आहे.

निमित्त झालं भाच्याच्या यादीचं. निम्मे पैसे त्याच्या नोकरीचे, निम्मे माझ्या बहिणीच्या सोयाबीनचे. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, सगळं अगदी अभ्यास करून लिहिलेलं. पोराचं कौतुक वाटलं. आणि खाली दोन ओळी: साउंड कार्ड, १४,५०० रुपये. हेडफोन, १,२०० रुपये. मी म्हटलं, अरे हे उलटं लिहिलंस का? तर म्हणाला, "मामा, कार्डाबिगर पायांचा आवाज ऐकू येत नाही म्हणायलेत सगळे."

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात बऱ्याच जणांना तोही मिळाला नाही ही गोष्ट वेगळी. मिळाला असं धरलं तरी त्या एका कार्डात जवळपास तीन क्विंटल सोयाबीन जातं. तीन क्विंटल म्हणजे किती पेरणी, किती फवारणी आणि किती वेळा आभाळाकडे बघणं, हे ज्याच्या घरात शेती आहे त्याला सांगायला नको.

आता हा साउंड कार्डाचा समज आला कुठून? तो एके काळी खरा होता, हे आधी कबूल केलं पाहिजे. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीला आवाज म्हणजे फक्त एक 'टीं' करणारा स्पीकर होता. १९८७ साली अ‍ॅडलिब नावाचं कार्ड आलं आणि गेममध्ये संगीत वाजू लागलं. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर काढलं. संगीत, बोलण्याचा आवाज आणि वर जॉयस्टिक लावायची सोय, असं सगळं एकाच कार्डात. त्या कंपनीचे संस्थापक सिम वाँग हू २०२३ साली गेले, पण एक संपूर्ण दशक त्यांनी गाजवलं. तेव्हाचे प्रोसेसर इतके लंगडे होते की गेम चालवायचा की आवाज मिसळायचा असा त्यांना प्रश्न पडायचा. म्हणून आवाजाचं काम दुसऱ्या चिपकडे द्यावं लागे. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हवर त्यासाठीच वेगळी चिप होती. गुहेत शिरलं की आवाज घुमायचा, ती करामत त्या चिपची. ज्यांनी ती ऐकली ते आजही तिची आठवण काढतात, आणि पुण्याचे दाजी त्यातलेच एक. आठवण खरी आहे, पण तिच्यावरून आजची खरेदी ठरवू नये.

कारण मध्ये दोन गोष्टी घडल्या. एक, १९९७ साली इंटेलने एसी'९७ हे मानक आणलं, पुढे २००४ साली एचडी ऑडिओ आणलं, आणि आवाजाची चिप थेट मदरबोर्डवर जाऊन बसली. दुसरी गोष्ट जास्त मोठी. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली आवाजाची सगळी व्यवस्था नव्याने लिहिली. गेममधून डायरेक्टसाउंडच्या वाटेने थेट साउंड कार्डाच्या चिपला काम सांगण्याचा जो रस्ता होता, तो बंद झाला. त्या दिवसापासून गेममधला आवाज मिसळण्याचं काम प्रोसेसरच करतो. आजच्या प्रोसेसरला ते काम म्हणजे हत्तीच्या पाठीवर चिमणी. साउंड कार्ड लावलं की गेम जास्त वेगाने चालतो असं अजूनही सांगणारे भेटतात, त्यांना व्हिस्टाचं साल विचारा.

मग कार्डाकडे उरलं काय? गेमने तयार करून दिलेल्या आकड्यांचं विजेच्या लाटेत रूपांतर करणं आणि ती लाट हेडफोनला पुरेल एवढी मोठी करणं. बस्स. आणि हे काम मदरबोर्डवरची चिप किती चांगलं करते? सीडीच्या १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बारीक आवाज यांच्यातलं अंतर साधारण ९६ डेसिबल भरतं. स्वस्तातल्या बोर्डांवरच्या चिपा कागदावर त्याच्या आसपास असतात, महागड्या बोर्डांवरच्या १२० च्या घरात. भाच्याच्या यादीतला बोर्ड महागडाच आहे! म्हणजे चांगली चिप एकदा विकत घेतलेली आहेच, तीच पुन्हा घ्यायची.

आणि ऐकणार कुठे? आपल्या घरात. एप्रिल-मे महिन्यात कूलर आणि पंखा चालू असताना खोलीत ५५-६० डेसिबल तर सहज होतात. आपल्या देशात २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत. त्यांच्यानुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती किती पाळली जाते हे गणपतीत कळतंच. अशा खोलीत बसून १२० डेसिबलच्या चिपेत आणि १२४ डेसिबलच्या चिपेत फरक ऐकणारा माणूस मला भेटायचाय. डोळे बांधून दहापैकी नऊ वेळा अचूक ओळखून दाखवा, कार्ड मी घेऊन देतो.

आता "पायांचा आवाज". शत्रू डावीकडून आला की मागून, हे कळतं कसं? डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला किंचित नंतर. हा फरक जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या सहा-सात दशांशाइतका. शिवाय मध्ये डोकं आडवं येतं म्हणून दूरच्या कानाला आवाज थोडा दबून पोचतो, आणि कानाच्या पाळीच्या वळणांमुळे पुढचा-मागचा-वरचा आवाज वेगवेगळा रंगतो. हे सगळं गणित मांडून साध्या दोन कानांच्या हेडफोनवर दिशा दाखवता येते. त्या तंत्राला एचआरटीएफ म्हणतात. हे गणित आता गेमच करतो. व्हॅलोरंटमध्ये ही सोय २०२१ साली आली, काउंटर-स्ट्राइकमध्ये त्याच्याही आधी. विंडोजमध्येही 'विंडोज सॉनिक' नावाने २०१७ पासून फुकट आहे. आणि मजा बघा: गेमने एकदा हे गणित केल्यावर कार्डाचं 'सेव्हन पॉइंट वन' चालू केलं तर एकावर एक दोनदा प्रक्रिया होऊन दिशा उलट बिघडते. म्हणजे चौदा हजार देऊन कार्ड आणायचं आणि त्याचं मुख्य बटण बंद ठेवायचं.

आणि एक गोष्ट आमच्या भाच्याच्या पिढीनेच सिद्ध करून ठेवलीय. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला, २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्यावर बंदी आली, २०२१ ला बीजीएमआय आला. ही पोरं पाच-सहाशे रुपयांचे इअरफोन कानात घालून शत्रूच्या पावलांवरून जागा सांगत होती. त्या मोबाइलमध्ये कुठलं साउंड कार्ड होतं?

तुम्ही म्हणाल, मग हेडफोनमध्ये येणारी ती खरखर, माउस हलवला की येणारी ती चीं-चीं, ती खोटी का? खोटी नाही. खरी आहे आणि तिच्याचसाठी लोक कार्ड घेतात. पण ती येते कुठून ते बघा. आजचं मोठं ग्राफिक्स कार्ड केवढी वीज खातं? २०२२ साली आलेलं आरटीएक्स ४०९० ४५० वॅटचं आहे. डब्याच्या आत हा विजेचा गोंधळ चाललेला, आणि साउंड कार्ड बसतं कुठे? त्याच डब्यात, त्याच सप्लायवर, बऱ्याचदा त्याच ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांच्या तोंडाशी. म्हणजे खरखर टाळायला तुम्ही गोंगाटाच्या मांडीवर जाऊन बसलात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात वरून हवाही अडवलीत.

पहिला उपाय फुकटातला. हेडफोन डब्याच्या पुढच्या भोकात न लावता मागे, थेट मदरबोर्डला लावा. पुढून येणारी वायर सगळ्या कचऱ्यातून फिरून येते.

दुसरा उपाय म्हणजे अर्थिंग, आणि माझ्या रागाचं मूळ इथे आहे. आपल्याकडे कितीतरी जुन्या घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. काही ठिकाणी वायर असते, खाली मीठ-कोळसा घालून खड्डाही केलेला असतो, पण वर्षानुवर्षं त्यात तांब्याभर पाणी कुणी घातलेलं नसतं. माती कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं. ज्या लातूर जिल्ह्यात २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे जमिनीतल्या ओलीची आठवण करून द्यावी लागते हे नवलच. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात ना? हेडफोनमधली गुणगुण बऱ्याचदा तिचीच बहीण असते. त्यावर साउंड कार्ड हा उपाय म्हणजे छत गळतंय म्हणून भारी गालिचा आणण्यासारखं आहे. खरखर जाऊ दे, त्या घरात उघड्या पायाने वावरणाऱ्या आईला शॉक बसू नये म्हणून तरी अर्थिंग करा! लाखाच्या वर मशीन घेणाऱ्या घरात इलेक्ट्रिशियनला बोलावून तिसरी वायर तपासायची नाही, आणि आवाजाच्या 'क्वालिटी'वर तास-तास बोलायचं, हे मला खरंच कळत नाही. डोळ्यांना दिसेल त्यावर खर्च करायचा आणि जमिनीखालचं विसरायचं, ही आपली जुनी खोड आहे.

एवढं करूनही खरखर राहिली, तर डब्याच्या बाहेर राहणारा छोटा यूएसबी डॅक घ्या. काम तेच, पण गोंगाटापासून दूर आणि खूप कमी पैशात. उद्या लॅपटॉप घेतला तर त्यालाही चालतो.

मग आतलं साउंड कार्ड कुणीच घेऊ नये का? तसं नाही. ज्याच्याकडे आधीपासून पाच-सहा स्पीकरचा जुना, वायरींचा संच आहे आणि बोर्डाच्या मागे तेवढी भोकं नाहीत, त्याने जरूर घ्यावं. ज्याच्याकडे २५० किंवा ३०० ओमचे हेडफोन आहेत त्याला जास्त ताकद लागते हे खरं, पण त्यालाही बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर बरा. ज्याला गाणं किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करायचंय त्याला ऑडिओ इंटरफेस लागतो, ती चीज वेगळीच. बाकीच्यांचे हेडफोन असतात साधारण ३२ ओमचे, ते मोबाइलवरसुद्धा दणक्यात वाजतात.

आवाज बदलतो तो हेडफोनने. विजेच्या लाटेचा प्रत्यक्ष आवाज करणारा पडदा तिथे असतो. बाराशेचा काढून चार-पाच हजारांचा नीट घेतला तर फरक माझ्या आईलाही कळेल, आणि तिला एका कानाने कमी ऐकू येतं.

कमी ऐकू येण्यावरून शेवटचं. आपल्याकडे 'डॉल्बी' म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. खरी डॉल्बी कंपनी १९६५ साली लंडनमध्ये सुरू झाली ती टेपमधली खरखर कमी करायला. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आपण कान फोडणाऱ्या यंत्राला दिलं! 'भारी' म्हणजे 'मोठा', हा आपला जो घोळ आहे, तोच या कार्डाच्या यादीत उतरलाय. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं. आवाज जितका वाढवाल तितके तास झपाट्याने कमी होतात. खेळणाऱ्या पोरांचे आठवड्याचे तास मोजा म्हणजे कळेल.

तेव्हा भाचेबुवा, ती साउंड कार्डाची ओळ खोडा. त्यातले पाच हजार हेडफोनला, थोडे इलेक्ट्रिशियनला, उरलेले आईला परत. कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि ते कार्ड लातूरलाही मिळत नाही, पुण्यालाही नाही. दाजींनी यावर जरूर भांडावं, पण यायच्या आधी स्वतःच्या घरचं अर्थिंग तपासून यावं. :-)