इथेनॉलने खाल्लेली तेरा मिनिटे

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हापासून अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या कार्यालयात येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न आहे : रोटॅक्स ९१२ या हलक्या विमानांच्या इंजिनात आता भरायचे काय?

उत्पादकाची सूचना स्पष्ट आहे. इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल, त्यापुढे नाही. पंपावर सहसा मिळते २० टक्क्यांचे. ऑक्टेन ९५ झाला म्हणून काही सभासद बिनघोर आहेत. त्यांनी फ्लोट, रबरी नळ्या आणि कंपोझिट टाकीचे रेझिन यांचा विचार करावा. शिवाय इथेनॉल पाणी विरघळवून ठेवते. ड्रेनचा नमुना जमिनीवर स्वच्छ दिसतो आणि वरच्या थंडीत तेच पाणी वेगळे होऊन तळाशी बसते.

एन्ड्युरन्सचे तर कोणी बोलतच नाही. ई-२० मध्ये ऊर्जा साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी. ६५ लिटरची टाकी ताशी २० लिटरने सव्वातीन तास चालायची, ताशी २१.४ लिटर लागले तर तेरा मिनिटे गेली. दिवसाच्या व्हीएफआर उड्डाणाला अर्ध्या तासाचा रिझर्व्ह लागतो. म्हणजे जुन्या आकड्यावर आखणी करणाऱ्याचा जवळजवळ अर्धा रिझर्व्ह कागदावरच राहिला. तरीही हँडबुकातला आकडा उतरवून, गेजवर नजर टाकून उडणारे आपल्यात आहेत. डिपस्टिक टाकीत घालायला दोन मिनिटे लागतात!

मग ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचे खास पेट्रोल वापरा, असा सल्ला मिळतो. इंडियन ऑइलने २०२२ पासून ते वडोदऱ्याला बनवायला घेतले, ही चांगलीच गोष्ट. त्यातल्या शिशामुळे रोटॅक्सचे तेल दर २५ तासांनी बदलावे लागते, तेही करू. पण ते मिळते बॅरलने, आणि १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार ए वर्गाचे पेट्रोलियम ३० लिटरपेक्षा जास्त विनापरवाना साठवता येत नाही. एकच विमान असलेल्या माणसाने एका बॅरलसाठी परवान्याच्या फायली हलवत बसायचे? पंपावर कॅन घेऊन जावे तर सुटे पेट्रोल द्यायला नकार. बदलापूरच्या एका वाचकाला दोन पंपांवरून परत पाठवले. नेवाळीची महायुद्धकाळातली धावपट्टी चालू असती तर निदान तिथे इंधनाची सोय मागता आली असती.

इथेनॉलमुळे ऊसकऱ्याच्या हाती चार पैसे जास्त पडावेत, याला आमचा मुळीच विरोध नाही. पण मोटारीचे इंजिन बंद पडले तर ती रस्त्याच्या कडेला लावता येते, विमान नाही. एवढा फरक इंधनधोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घेतला पाहिजे होता. पंपाच्या प्रत्येक नळीवर इथेनॉलचे प्रमाण लिहा, आणि नोंदणीकृत विमानमालकाला लहान डब्यांत ॲव्हगॅस द्या. या दोन मागण्यांना खर्चही फारसा नाही.

त्या मान्य होईपर्यंत प्रत्येक खेपेचे पेट्रोल तपासा. खुणा केलेल्या काचेच्या नळीत एक भाग पाणी, नऊ भाग पेट्रोल घालून हलवा. पाण्याची पातळी वाढली तर इथेनॉल आहे, आणि किती वाढली त्यावरून प्रमाणाचा अंदाज येतो. दहाच्या वर दिसले तर ते विमानात घालू नका, उड्डाण रद्द झाले तरी चालेल. तपासणीची तारीख, पंपाचे गाव आणि आलेले प्रमाण आम्हाला लिहून कळवा. या नोंदी जोडूनच आम्ही डीजीसीएला आणि पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या पेसोच्या नागपूर मुख्यालयाला निवेदन देणार आहोत.