थार किंवा जिम्नी घेताय? नाव एकच, पण गाडी देशागणिक आणि राज्यागणिक कशी बदलते?

कुडाळहून झाराप, बांदा करत पत्रादेवी ओलांडली की गोवा सुरू होतो. या महामार्गावर एमएच-०७ आणि जीए नंबरच्या थार-जिम्नी एकमेकींच्या मागेपुढे धावताना दिसतात. त्यामुळे कुडाळमध्ये अशी गाडी घ्यायची ठरली की सल्ले तीन दिशांनी येतात. आखातात असलेला भाऊ तिथल्या गाडीचा व्हिडिओ पाठवतो, म्हापशातला मावसभाऊ ‘गोव्यातून घे, टॅक्स कमी पडतो’ म्हणतो आणि इथल्या शोरूमचं कोटेशन हातात असतंच.

गोंधळ असा की तिघेही ‘थार’ किंवा ‘जिम्नी’ हेच नाव घेतात, पण तिघांच्या डोळ्यासमोरची गाडी वेगळी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि एकाच नावाच्या दोन गाड्यांमधलं हे अंतर किमतीतही स्पष्ट दिसू लागलं. बारा-पंधरा लाख रुपये मोजण्याआधी हा फरक समजून घेऊया.

जिम्नी एक, रूपं किती?

सुझुकीच्या जिम्नीचं उदाहरण घेऊ. जपानमध्ये या नावाने मिळणारी मूळ गाडी फक्त ६५८ सीसीची आहे. तिथे ३.४ मीटरपेक्षा कमी लांबी आणि ६६० सीसीपर्यंतचं इंजिन असलेल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळते. त्या चौकटीत बसावी म्हणून ती तशी बनवली आहे.

युरोपात धुराच्या मर्यादा कडक झाल्यावर २०२१ पासून हीच जिम्नी मागची सीट काढून, दोन आसनी मालवाहू गाडी म्हणून विकली गेली. आखातात तीन दरवाजांची जिम्नीही दिसते. तिची भारतातून निर्यात जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. म्हणजे ती इथे बनते, पण इथल्या शोरूममध्ये मिळत नाही.

भारतात जून २०२३ मध्ये आली ती पाच दरवाजांची, १,४६२ सीसी पेट्रोल इंजिनची जिम्नी. गुरुग्रामच्या कारखान्यात बनणारी हीच गाडी ‘नोमेड’ नावाने जपानला गेली, तेव्हा २०२५ च्या सुरुवातीला चारच दिवसांत सुमारे ५० हजार ऑर्डर आल्या आणि कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. मात्र नोमेडमध्ये समोरचा अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. भारतात जिम्नी आली तेव्हा सहा एअरबॅग होत्या, पण ही यंत्रणा नव्हती.

म्हणून परदेशी व्हिडिओ पाहताना पहिला प्रश्न हाच विचारा: ही गाडी कुठल्या बाजारासाठी बनली आहे?

सुरक्षेचे स्टार सगळ्या रूपांना लागू होतात का?

नाही. चाचणीत जी गाडी आदळवली जाते, स्टार तिचे असतात. युरोपात २०१८ मध्ये जिम्नीला तीन स्टार मिळाले, ते तिथल्या तीन दरवाजांच्या गाडीचे होते. भारतातल्या पाच दरवाजांच्या गाडीला ते चिकटवता येत नाहीत, चांगल्या अर्थाने नाही आणि वाईट अर्थानेही नाही.

थारचंही तसंच आहे. तीन दरवाजांच्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार स्टार मिळाले. पाच स्टार मिळाले ते पाच दरवाजांच्या थार रॉक्सला, २०२४ मध्ये, भारत एनकॅपच्या चाचणीत. चाचणी वेगळी, नियम वेगळे आणि गाडीही वेगळी. ‘थारला पाच स्टार आहेत’ हे वाक्य कानावर आलं तर ‘कुठल्या थारला?’ हे विचारायलाच हवं.

भारतात मिळणाऱ्या थारमध्येही फरक आहे?

हो, आणि कुडाळच्या ग्राहकासाठी हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे.

तीन दरवाजांच्या थारमध्ये १.५ लिटर डिझेल इंजिन घेतलं, तर फक्त मागची दोन चाकं ओढतात. ‘फोर बाय फोर’ हवी असेल तर २.२ लिटर डिझेल किंवा २ लिटर पेट्रोलकडे जावं लागतं. बाहेरून दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच दिसतात.

आता जीएसटी पाहा. चार मीटरपर्यंत लांबी आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत किंवा पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत असेल, तर १८ टक्के. यातली एक जरी अट मोडली तर ४० टक्के. गाडीची किती चाकं ओढतात, हे कर विचारतच नाही.

थार आणि जिम्नी, दोघींची लांबी ३,९८५ मिलिमीटर आहे. म्हणजे लांबीच्या अटीत दोघीही बसतात. पण जिम्नीचं पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपेक्षा मोठं असल्याने ती ४० टक्क्यांत जाते. थारच्या दोन्ही मोठ्या इंजिनांचंही तेच. १८ टक्क्यांत बसते ती फक्त १.५ लिटर डिझेलची थार. दर बदलले तेव्हा महिंद्राने या थारची किंमत १ लाख ३५ हजारांपर्यंत कमी केल्याचं जाहीर केलं होतं, तर फोर बाय फोर डिझेल थारची १ लाख १ हजारापर्यंत.

थोडक्यात, जाहिरातीत ‘थार’चा सर्वांत स्वस्त आकडा दिसतो तेव्हा तो चारही चाकं ओढणाऱ्या गाडीचा नसतो.

मग कुडाळमध्ये फोर बाय फोर लागतेच का?

प्रत्येकाला नाही. कुडाळ-ओरोस ये-जा, महामार्ग, मालवण-वेंगुर्ल्याचा डांबरी रस्ता, आंबोली घाट हाच तुमचा वापर असेल, तर मागच्या चाकांवर चालणारी गाडी पुरते. खड्डे आणि दगडांसाठी गाडीचा पोटाखालचा उंचावा कामी येतो आणि तो या गाडीतही आहे.

काजू-आंब्याची बाग सड्यावर असेल, जून ते सप्टेंबर लाल चिखलाच्या चढावरून जावं लागत असेल, तर गोष्ट वेगळी. मागची चाकं जागीच फिरू लागली की पुढच्या चाकांची ओढ आणि ‘लो’ गिअरचा संथ, पण जोरकस रेटा कामी येतो. जिम्नीच्या भारतातल्या सगळ्या व्हेरियंटमध्ये हे दोन्ही मिळतं. थारमध्ये मात्र त्यासाठी फोर बाय फोरच घ्यावी लागते.

आणि फोर बाय फोर आहे म्हणून गाडी पुळणीत घालू नका. भिजलेल्या वाळूत ती रुतते, खारं पाणी पत्र्याला गंज चढवतं आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्यांची घरटी वरून दिसत नाहीत.

गोव्यातून घेतली तर?

रस्ता कर राज्याचा असतो, त्यामुळे दर बदलतात. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११, १२ आणि १३ टक्के, तर डिझेलवर १३, १४ आणि १५ टक्के कर आहे. १० लाख आणि २० लाख हे त्याचे टप्पे. कर आकारण्याची किंमत १५ लाख धरली, तर पेट्रोलवर १ लाख ८० हजार आणि डिझेलवर २ लाख १० हजार रुपये होतात. गोव्याचे टप्पे आणि दर वेगळे आहेत, म्हणून मोह होतो.

पण मोटार वाहन कायदा, १९८८ काय सांगतो? कलम ४० नुसार गाडीची नोंदणी तुम्ही जिथे राहता किंवा गाडी जिथे सहसा ठेवली जाते तिथे करायची असते. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली, तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि गोव्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तिथे वेगळा अर्ज करावा लागतो. म्हापशाच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर गाडी घेतली, तर कागदावर मालकही तोच राहतो. विमा, अपघात, विक्री अशा प्रत्येक वेळी त्याची सही लागणार.

गोव्यात खरोखर राहत असाल तर प्रश्नच नाही. घर कुडाळला आणि गाडीही कुडाळलाच उभी राहणार असेल, तर ही बचत टिकत नाही.

बुकिंगआधी काय करायचं?

कोटेशनवर गाडीचं फक्त नाव नको. पूर्ण व्हेरियंट, इंजिनची सीसी, किती चाकं ओढतात आणि जीएसटीचा दर हे चारही लिहून मागा. मग शक्य असेल तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या महामार्गावर न घेता तुमच्या वाडीच्या चढावर घ्या. गाडी कुठली घ्यायची, हे तो चढ कुठल्याही व्हिडिओपेक्षा लवकर सांगेल.