सुया किती दिवस घ्यायच्या?

कापूस वेचणीचे दिवस आले की चिकलठाण्याच्या शिवारात एक तक्रार हटकून निघते. उघड नव्हे, बायाबायांतच. उन्हाळी लागली! लघवीला आग होते, सारखे जावेसे वाटते आणि गेले तर थेंबभर. रानात दिवसभर आडोसा नाही, म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबून धरायची. मग दुसरे काय होणार? पुरुष मंडळींनी हे आपल्यासाठी नाही म्हणून पान उलटू नये. दवाखान्याचे पैसे तेच मोजतात आणि सुया कधी थांबवायच्या तेही बहुधा तेच ठरवतात.

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण मागच्या हंगामात एका घरात जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे. घरच्या बाईंना हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला कळ, दोनदा उलटी. गावातच कुणाकडून तरी दोन दिवस दोन सुया टोचून घेतल्या. ताप उतरला. मालक म्हणाले, "बरी झालीस, आता कशाला खर्च?" आठव्या दिवशी पुन्हा हुडहुडी भरली. या खेपेला थेट दवाखान्यात भरती, सलाईन, आणि कापूस झाडावरच. पुढे महिन्याभराने त्याच घरातल्या सुनेला साधी उन्हाळी लागली, तर धसका घेतलेल्या सासूने तिच्यासाठी सात सुयांचा हट्ट धरला.

दोन्ही वेळा चूक झाली, कारण दुखणी दोन वेगळी होती. सुनेचा संसर्ग मूत्राशयापुरता होता. ताप नाही, पाठीत कळ नाही. अशा तरुण, एरवी निरोगी बाईला बहुधा सुई लागतच नाही. नायट्रोफ्युरँटॉइनसारखी गोळी पाच दिवस पुरते. ही गोळी लघवीत उतरून काम करते. मूत्रपिंडाच्या आत मात्र पुरेशी पोचत नाही. म्हणून सासूच्या दुखण्याला तिचा उपयोग नव्हता.

सासूचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. तिथे सुई हवीच, कारण उलटी होत असताना गोळी पोटात टिकत नाही. पण ती सगळे दिवस लागते असे नाही. ताप उतरला, रोगी सावरला, खाऊ-पिऊ लागला की डॉक्टर सुई बंद करून लागू पडणारी गोळी देतात. सुया आणि गोळ्या मिळून साधारण सात दिवस. पहिला दिवस मोजायचा तो लागू पडलेले औषध सुरू झाले तेव्हापासून. पूर्वी चौदा दिवस, त्याआधी तर सहा-सहा आठवडे औषध देत. २०१२ साली स्वीडनमधल्या बायकांवरच्या अभ्यासात सिप्रोफ्लॉक्सासिनचे सात दिवस चौदा दिवसांइतकेच गुणकारी ठरले. गरोदर बाई, मधुमेही, मुतखडा झालेला, नळी घातलेला रोगी किंवा लहान मूल असेल तर हिशेब बदलतो. तो डॉक्टरांनीच करायचा. गरोदर बाईने तर एक दिवसही घरी काढू नये.

सुई सुरू करण्याआधी लघवी कल्चरला द्यावी. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणते औषध जंतूला लागू पडते ते त्यातच कळते. दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही तर त्याच सुया चालू ठेवू नयेत, मोठ्या दवाखान्यात जावे. जेंटामायसिन आणि अमिकासिन या स्वस्त सुया, पण जास्त दिवस घेतल्या तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकतात. ज्या मूत्रपिंडासाठी घ्यायच्या, त्यालाच!

गरजेपेक्षा जास्त फवारण्या केल्या की कीड औषधाला दाद देईनाशी होते, हे आपल्याला सांगायला नको. जंतूंचेही तसेच. आपल्या चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र आहे. जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी या कंपनीने सेफेपिम आणि झायडेबॅक्टम यांचे इंजेक्शन तयार केले आणि मूत्रमार्गाच्या अवघड संसर्गावरच त्याची मोठी चाचणी घेतली. आपल्या बांधापासून हाकेच्या अंतरावर हे काम चालते आणि आपण मात्र साध्या उन्हाळीला सात सुया मागतो. कोंबड्यांच्या खाद्यातले कोलिस्टिन सरकारने २०१९ साली बंद केले तेही याचसाठी. माणसाच्या हाती उरलेल्या शेवटच्या सुयांपैकी ती एक आहे. कुक्कुटपालन करणाऱ्यांनी जुना डबा शिल्लक असेल तर तो वापरू नये.

त्या घरच्या मालकांनी यंदा बांधाच्या कडेला चार बांबू रोवून जुन्या लुगड्याचा आडोसा केला आहे. शेजारी पाण्याचा माठ. खर्च काही नाही, अर्धा तास गेला. वेचणीला येणाऱ्या बाया आता दुपारी पोटभर पाणी पितात.