रोबोट ऑपरेशन करत नाही हो!

गेल्या आठवड्यात रात्री दादाचा फोन. "बाबांच्या तीन नळ्या तुंबल्यात, बायपास करायचं ठरतंय. इथल्या एका मोठ्या इस्पितळाचं पत्रक आलंय, रोबोटनं करतात म्हणे. तू यातलाच डॉक्टर ना, सांग काय करायचं!"

आता मी डॉक्टर आहे तो यांत्रिक हातांच्या नियंत्रणाचा. आणि बसलोय वफ्रात, कुवेतच्या दक्षिण टोकाला. एका अंगाला तेलविहिरी, दुसऱ्या अंगाला काकडी-टोमॅटोची शेतं. पण या विषयावर मत द्यायचा मला थोडासा हक्क आहे, म्हणून लिहितो.

मंडळी, या रोबोटला स्वतःचं डोकं नसतं. सर्जन थोड्या अंतरावर बसून बोटं हलवतो. ती हालचाल बारीक करून, थरथर गाळून यंत्राचे हात तेच करतात. आमच्या भाषेत मास्टर-स्लेव्ह. मालक आणि गडी म्हणा. जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममध्ये बसलेल्या सर्जननं २८६ किलोमीटरवरच्या जयपूरमधल्या पेशंटच्या छातीतली रक्तवाहिनी अशीच सोडवली, तीही 'एसएसआय मंत्र' या भारतीय यंत्रानं. वाचून ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू! तरी हात माणसाचाच.

फायदा खरा आहे. नेहमीच्या बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात, ते सांधायला दीड-दोन महिने जातात. इथे फासळ्यांमधल्या छोट्या भोकांतून छातीच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी सोडवतात आणि हृदयाच्या पुढच्या मुख्य नळीला जोडतात. हे जोडकाम बऱ्याचदा दोन फासळ्यांमधल्या लहानशा चिरेतून सर्जन हातानंच करतो. उरलेल्या नळ्यांना पुष्कळदा स्टेंट. म्हणजे तीन नळ्या तुंबलेल्या प्रत्येकाला हे जमेलच असं नाही. शिवाय काम चालू असताना डावं फुप्फुस मिटवून ठेवावं लागतं, आणि आमच्या बाबांनी चाळीस वर्षं विड्या ओढल्यात! पत्रकात यातलं अवाक्षर नव्हतं. यंत्राचा चकचकीत फोटो मात्र पानभर.

दादाला म्हटलं, यंत्र कुठलं ते विचारूच नकोस. सर्जननं अशी किती केली, किती वेळा मधेच छाती उघडावी लागली, आणि बाबांचं फुप्फुस तपासलं का, एवढं विचार. तो विचारून आला. फुप्फुसाची तपासणी झाली, आणि डॉक्टर स्वतःच म्हणाले, तुमच्या वडिलांना साधी पद्धतच बरी.

बाबा जरा हिरमुसले. गावात सांगायला रोबोट बरा होता!

गुरुवारी ऑपरेशन आहे. रजा मिळालीय, उद्या पहाटे विमानतळाकडे निघतोय.