मुलाला गेमिंग पीसी घ्या, आय-सेव्हनचा स्टिकर नको

मराठी मध्यमवर्गीय घरात संगणक खेळण्यासाठी म्हणून कधीच येत नाही. तो अभ्यासासाठी येतो, शाळेच्या प्रोजेक्टसाठी येतो, दहावीनंतर एमएस-सीआयटी करायचीच आहे म्हणून येतो. आल्या दिवशी त्याला हळदकुंकू लागतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर माइनक्राफ्ट चढतं. हे असंच होणार हे आईला ठाऊक असतं, बापाला ठाऊक असतं आणि ‘प्रोजेक्ट’चं कारण पुढे करणाऱ्या पोराला तर असतंच. सोंग निरुपद्रवी असतं तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण या सोंगापायी माणसं चुकीचं यंत्र विकत घेतात.

‘अभ्यासाचा’ म्हणून पंचवीस-तीस हजारांचा जो लॅपटॉप गळ्यात पडतो, त्यात बहुधा सेलेरॉनसारखा अगदी खालच्या पायरीवरचा प्रोसेसर असतो, आणि अनेकदा रॅम मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे वाढवायची सोय नाही. त्यावर गेम चालत नाही हे खरं. पण ब्राउझरचे दहा टॅब, एक पीपीटी आणि ऑनलाइन क्लास एकदम उघडले की अभ्यासही चालत नाही. उलट ज्या यंत्रावर माइनक्राफ्ट सुरळीत चालतं, त्यावर स्क्रॅच, पायथन, व्हिडिओची काटछाट हे सगळं विनातक्रार होतं.

माझा पक्ष सरळ आहे. मूल खेळण्यासाठी मागतंय, तर खेळण्यासाठीच म्हणून घ्या. लॅपटॉप नको, डेस्कटॉप घ्या. वेगळं ग्राफिक कार्ड आज टाकू नका. ज्या प्रोसेसरच्या पोटातच बरं ग्राफिक्स आहे तो घ्या आणि कार्डाची जागा रिकामी ठेवा. मॉनिटरसकट हे सगळं पन्नास हजारांच्या आसपास बसतं. या पक्षाला विरोध करणारे बरेच आहेत आणि त्यातले काही वजनदार आहेत.

पहिला विरोध वडीलधाऱ्यांचा: गेमने पोरं वाया जातात. हे हसून उडवण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आयसीडी-११ या आजारांच्या यादीत जागा दिली आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तिथली व्याख्या नीट वाचावी. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणं आणि हे साधारणपणे वर्षभर टिकणं, असं ते दुखणं आहे. रविवारी दुपारी तीन तास व्हॅलोरंट खेळणारा मुलगा त्यात बसत नाही. शिवाय ज्या यंत्रावर हा आक्षेप घ्यायला हवा ते घरात आधीच आहे: आईचा फोन. तो पांघरुणात जातो, बाथरूममध्ये जातो आणि त्यात यूपीआय असतं. हॉलमधला डेस्कटॉप, ज्याचा पडदा स्वयंपाकघरातून दिसतो, तो कुठेही जात नाही. लक्ष ठेवायचं असेल तर याहून सोपी सोय मला ठाऊक नाही.

इथे आमच्या बाजूच्या वकिलांनाही गप्प करायला हवं. ‘गेम खेळता खेळता मूल कोडिंग शिकेल’, ‘आता ई-स्पोर्ट्समध्ये करिअर आहे’, हे युक्तिवाद म्हणजे ‘प्रोजेक्टसाठी हवाय’चीच नवी आवृत्ती. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे मॉड जावात लिहितात आणि रोब्लॉक्स स्टुडिओत लुआऊ भाषा चालते, हे खरंच. एखादं मूल त्या वाटेने जाईलही. बहुतेक जाणार नाहीत आणि त्यात काही बिघडत नाही. क्रिकेटची बॅट घेताना आपण मुलाकडून रणजीचा करार लिहून घेत नाही.

आता मुख्य प्रतिपक्ष: दुकानातली जाहिरात. ‘कोअर आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट’ आणि पुढे वीस-बावीस हजारांचा आकडा. तालुक्याच्या बाजारपेठेत आणि मोठ्या ऑनलाइन दुकानांत असा माल सर्रास दिसतो. त्यातला एकही शब्द खोटा नसतो आणि सगळे मिळून केलेली फसवणूक शंभर टक्के असते.

आय-सेव्हन हे नाव इंटेल दीड दशकाहून जास्त काळ वापरत आलं. नुसत्या नावावरून पिढी कळत नाही. या स्वस्त डब्यांत सापडतो तो बहुधा आय७-२६०० किंवा त्याचा आगेमागचा भाऊ. २६०० बाजारात आला जानेवारी २०११ मध्ये. त्याला चार कोअर, आठ थ्रेड. जानेवारी २०२२ च्या साध्या आय३-१२१०० लाही चार कोअर, आठ थ्रेडच, पण तो या म्हाताऱ्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. जो बाप ‘आय-थ्री नको हो, आय-सेव्हनच दाखवा’ म्हणतो, तो नावाला भुलून कमी वेग घरी नेतो.

‘चार जीबी ग्राफिक कार्ड’ची कथा याहून मजेदार आहे. कार्डावर किती जीबी मेमरी आहे यावरून त्याची ताकद कळत नाही. या डब्यांतलं कार्ड बहुतेक वेळा जीटी ७३० असतं, २०१४ सालचं, आणि त्यावरची मेमरी संथ डीडीआर३ जातीची. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स, ज्यासाठी वेगळं कार्ड लागतच नाही, ते जीटी ७३० पेक्षा कितीतरी सरस चालतं. म्हणजे ज्या वस्तूच्या नावाने यंत्र ‘गेमिंग’ ठरलं, तीच वस्तू त्यातली सर्वांत निरुपयोगी असते.

आणि पुढचा धक्का घरी आल्यावर बसतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. दुकानदार काहीतरी खटपट करून जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढवून देतो, तेही क्रॅक केलेलं. मग मुलगा व्हॅलोरंट उघडतो. त्या खेळाची व्हॅनगार्ड नावाची पहारेकरी व्यवस्था विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही तपासते, आणि पडद्यावर ‘व्हॅन ९००१’ उमटतं. मुलगा रडकुंडीला येतो, बाप दुकानदाराला फोन लावतो, दुकानदार इंटरनेटचा दोष आहे म्हणतो.

फुकट मिळणारा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, हा या यंत्राचा सर्वांत धोकादायक भाग, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. कॅबिनेटसोबत येणाऱ्या हलक्या एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं असतं. त्या छापण्यावर भरवसा ठेवून पुढे ग्राफिक कार्ड टाकलं तर एसएमपीएस जाताना मदरबोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. ८० प्लस प्रमाणपत्राचा, नाव असलेल्या कंपनीचा एसएमपीएस घेतला की दोन-तीन हजार वाढतात. पोराच्या हाताला कॅबिनेटचा पत्रा झिणझिण्या देत असेल, तर मात्र दोष एसएमपीएसमध्ये शोधण्याआधी घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

दुकानदाराच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की तो आपल्याला हवं तेच विकतो. सुट्या भागांवर त्याचा नफा तुटपुंजा असतो, आणि समोरचं गिऱ्हाईक पिढी विचारत नाही, आकडा विचारतं.

तिसरा विरोध श्रीमंत सल्ल्याचा. हा सहसा हिंजवडीत किंवा न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या मामाकडून येतो: घ्यायचाच तर एकदाच दमदार घ्या, दहा वर्षं बघायला नको. दीड लाखाचा डबा, फोर-के मॉनिटर, महागडं कार्ड. आता फोर-के पडद्यावर फुल एचडीच्या चौपट बिंदू असतात, वीस लाखांच्या जागी त्र्याऐंशी लाख, आणि खेळताना ते सगळे रंगवायचं काम कार्डावर पडतं. म्हणजे महाग पडद्यामुळे महाग कार्ड, महाग कार्डामुळे महाग एसएमपीएस. आणि हे कशासाठी? अकरा वर्षांचा मुलगा रोब्लॉक्स खेळतो म्हणून. चौदाव्या वर्षी तो काय खेळेल, की गिटार मागेल, हे मामालाही ठाऊक नाही. शिवाय डेस्कटॉप एकदाच घ्यावा लागतो हेच चूक. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिले रायझन बसले. त्यातल्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी चालतो. पाच वर्षांत बोर्ड न बदलता प्रोसेसरच्या तीन पिढ्या ओलांडता आल्या. दहा वर्षांचे पैसे आज मोजायची गरज त्यामुळेच नाही.

लॅपटॉपवाल्यांशी मी कमी भांडेन, कारण त्यांचं काही खरं आहे. भाड्याची घरं बदलत राहणारं कुटुंब, होस्टेलवर जाणारी मुलगी, यांना लॅपटॉपच बरा. भारनियमनाच्या गावातही बॅटरीचा आधार वाटतो. पण ‘गेमिंग’ लॅपटॉपमध्ये त्याच नावाची चीज हलकी मिळते: आरटीएक्स ३०५० हे डेस्कटॉप कार्ड जानेवारी २०२२ मध्ये ८ जीबीसह आलं, लॅपटॉपमधलं त्याच नावाचं चारच जीबीसह. ते बदलता येत नाही, तापतं, आणि पडदा फुटला तर दुरुस्तीचा आकडा ऐकून घाम फुटतो. भारनियमनावर ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, पण एका अटीवर: आत मोठं कार्ड नसावं. ५६००जीसारखा ६५ वॅटचा प्रोसेसर असलेलं यंत्र तो यूपीएस खेळ जतन करून नीट बंद करण्याइतका वेळ सहज धरून ठेवतो.

कन्सोलबद्दल एका ओळीत: घरात चांगला टीव्ही असेल आणि मुलाला फुटबॉलचेच गेम हवे असतील तर वाईट नाही, पण नवा गेम चार-पाच हजारांचा पडतो आणि त्यावर प्रोजेक्टची प्रिंट निघत नाही.

मग घ्यायचं काय? रायझन ५ ५६००जी किंवा त्याच जातीचा ५६००जीटी. साधा बी५५० किंवा ए५२० बोर्ड. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. हार्ड डिस्कवर विंडोज टाकू देऊ नका. फुल एचडी मॉनिटर, मोठ्या नावाचा हट्ट नको. रॅमच्या बाबतीत मात्र हट्ट धरा: १६ जीबीची एक पट्टी नको, आठ-आठच्या दोन. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, आणि दोन पट्ट्यांनी तिच्याकडे जायला दुहेरी रस्ता मिळतो. गेममधला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दुकानदार सवयीने एकच पट्टी टाकतो आणि ‘नंतर वाढवता येईल’ म्हणतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण एआयची डेटा सेंटरं मेमरी खेचून घेत आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने होणारी किरकोळ विक्रीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. परवडत नसेल तर डीडीआर४ च्या जुन्या पट्ट्या घ्या. संगणकात सेकंडहँड घेण्यासारखी सर्वांत बिनधोक वस्तू तीच.

या यंत्रावर माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, व्हॅलोरंट, कमी सेटिंगवर फोर्टनाइट आणि जीटीए ५ बऱ्यापैकी चालतात. सायबरपंकसारखे जड गेम चालणार नाहीत, हे मुलाला आधीच सांगा. एएम४ आता उतरणीला लागलेला सॉकेट आहे, हा आक्षेप मला मान्य आहे; एएम५ आणि डीडीआर५ घेतलं तर पुढची वाट लांब मिळते, पण आज खिसा जास्त हलका होतो. दोन वर्षांनी कार्ड टाकाल तेव्हा आरएक्स ६५०० एक्सटी तेवढं टाळा. त्याला पीसीआयईच्या चारच लेन आहेत आणि ५६००जीच्या जुन्या पीसीआयई ३ वर ते निम्मं-शिम्मं गुदमरतं.

ज्यांच्याकडे पंचवीस हजारच आहेत त्यांनी जाहिरातीतल्या आय-सेव्हनकडे न जाता कचेऱ्यांतून निघालेला ऑप्टिप्लेक्स किंवा थिंकसेंटर बघावा, मात्र आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्यातल्या डेलच्या ऑप्टिप्लेक्समध्ये एसएमपीएस वेगळ्याच आकाराचा असतो, त्यामुळे पुढे जीटीएक्स १६५० सारखं जादा वायर न लागणारं कार्डच चालेल. लहान कॅबिनेट असेल तर बुटकं, लो-प्रोफाइल. स्वस्तात मिळणारं आरएक्स ५८० मात्र जपून: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात उतरली, त्यातली ‘२०४८ एसपी’ लिहिलेली तर मुळात ५७० च आहेत.

एक गोष्ट किमतीच्या गडबडीत राहून जाते. गेमवर वयाचा शिक्का असतो. युरोपच्या पेगी पद्धतीत माइनक्राफ्टला ७, व्हॅलोरंटला १६, जीटीए ५ ला १८. प्रोसेसर निवडण्यात आठवडा घालवणाऱ्या बापाने त्यावर पाच मिनिटं घालवावीत, आणि मुलाच्या खात्याला आपलं कार्ड किंवा यूपीआय कधीही जोडू नये.

खरेदीला मुलाला बरोबर न्या. कुठले गेम खेळायचे ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तोच कागद दुकानदारासमोर ठेवा. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक बिलावर मागा. बिल पक्कं घ्या, जीएसटीचं: बंद खोक्यातल्या प्रोसेसरची वॉरंटी तीन वर्षांची असते आणि कच्च्या चिठ्ठीवर ती मिळवताना नाकी नऊ येतात. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला शनिवारी सकाळी जा. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.